पीसीओएस : वडिलांनाही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला पीसीओएसवरचा (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, अंडाशय आणि हार्मोन्स यांच्याशी संबंधित स्त्रियांचा आजार) लेख वाचला. लेखाने कारणांची यादी दिली आहे : जागरणे, मोबाइल, बाहेरचे खाणे, व्यायामाचा कंटाळा, ताण, वाढते वजन. यादी संपल्यावर अर्धे वाक्य येते, ‘काही प्रमाणात आनुवंशिकताही’. माझे भांडण या अर्ध्या वाक्याशी आहे. लेख वाचून कुणाचीही समजूत होईल की हा आजार मुलीने आपल्या हाताने ओढवून घेतला आहे आणि तिने नीट वागायचे मनावर घेतले की तो निघून जाईल.

मी डॉक्टर नाही. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालो. माझ्या मुलीला पीसीओएस आहे. हे पत्र तिला दाखवून, तिच्या परवानगीने पाठवतो आहे. तिने दोन अटी घातल्या : नाव छापायचे नाही आणि कुणाची कीव येईल असे लिहायचे नाही.

तिची पाळी पहिल्यापासून अनियमित. वर्षाकाठी चार-पाचदा यायची. हनुवटीवर राठ केस, पाठीवर मुरुमे. अंगाने मात्र काटकुळी. तरीही ‘वजन कमी कर, सगळे सुरळीत होईल’ हा सल्ला तिला नातेवाइकांनी दिला, शेजाऱ्यांनी दिला आणि एका डॉक्टरांनीही, तिच्याकडे न बघता, दिला. घरी येऊन तिने विचारले, ‘बाबा, आता कुठून कमी करू?’

त्याच दवाखान्यातली गोष्ट. केसपेपरवर कौटुंबिक इतिहासाचा रकाना होता. डॉक्टरांनी माझ्या पत्नीला विचारले, तुमची पाळी कशी होती? नियमित. तुमच्या आईची, बहिणींची? त्यांचीही नियमित. रकान्यात ‘विशेष नाही’ अशी नोंद झाली. शेजारच्या खुर्चीत मी होतो. पंचविशीत टक्कल पडलेला, चाळिशीच्या आत मधुमेहाच्या गोळ्या सुरू झालेला. माझ्या आईला मधुमेह होता. माझ्या थोरल्या बहिणीची पाळी उभ्या आयुष्यात कधी वेळेवर आली नाही, तिला मूल झाले नाही आणि हनुवटीवरचे केस ती दार लावून उपटायची. मी मध्येच हे सांगायला लागलो, तर डॉक्टर हसून म्हणाले, ‘अहो, तुमच्याकडून कसे येईल?’

कसे येईल ते सांगायला हा पत्रप्रपंच.

मुलीच्या ४६ गुणसूत्रांतली २३ बापाची असतात. बापाला अंडाशय नसते हे खरे, पण अंडाशय कसे वागेल हे ठरवणारी जनुके त्याच्याकडेही असतात आणि तो ती पुढे देतो. बारावीच्या मुलांना हे कळते. दवाखान्याच्या रकान्याला अजून कळलेले दिसत नाही.

आता पुरावा. नेदरलँड्समध्ये जुळ्या बहिणींचा अभ्यास झाला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. एकाच फलित बीजापासून झालेल्या जुळ्या बहिणींची जनुके सारखी असतात. दोन बीजांपासून झालेल्या जुळ्यांची साधारण निम्मी जुळतात. घर, ताट, शाळा मात्र दोन्ही प्रकारांत सामाईक. पहिल्या प्रकारात एकीला पीसीओएस असेल तर दुसरीलाही असण्याचे प्रमाण दुसऱ्या प्रकारापेक्षा बरेच जास्त निघाले. त्यावरून संशोधकांनी काढलेला निष्कर्ष असा की, पीसीओएस कुणाला होतो आणि कुणाला होत नाही, या फरकातला सुमारे ७० टक्के वाटा आनुवंशिकतेचा आहे. ज्याला लेखात अर्धे वाक्य मिळाले त्याचा हा वाटा. (एक खुलासा करतो, वर्गातही करावा लागायचा. ७० टक्के याचा अर्थ माझ्या मुलीचा ७० टक्के आजार जनुकांनी आणि ३० टक्के जागरणाने झाला, असा नाही. हा आकडा अनेक स्त्रियांमधल्या फरकाबद्दल बोलतो, एकीबद्दल नाही.)

दुसरा अभ्यास अमेरिकेतला, १९९८ चा. पीसीओएस असलेल्या ८० स्त्रियांच्या ११५ बहिणी तपासल्या. २२ टक्के बहिणींना पीसीओएस निघाला. मला महत्त्वाची वाटते ती पुढची ओळ. आणखी २४ टक्के बहिणींची पाळी अगदी नियमित होती, पण रक्तात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक (हार्मोन) वाढलेले होते. म्हणजे वारसा घरभर पसरलेला असतो, पाळीच्या तक्रारीच्या रूपाने तो काही जणींमध्येच दिसतो. ‘तुमच्या बहिणींची पाळी नियमित होती का?’ एवढ्या एका प्रश्नावर आनुवंशिकता निकालात काढता येत नाही ती यासाठी.

मग ते एक जनुक कोणते? तसे एक नाही. मेंडेलच्या वाटाण्यांची सवय झालेल्या माझ्यासारख्याला हे पचायला जरा वेळ लागतो. मेंडेलकडे झाड उंच किंवा बुटके, मधले काही नाही. इथे अनेक जनुकांतले बारीक बारीक फेरफार असतात, प्रत्येकाचा परिणाम किरकोळ, आणि ते बरेचसे एकत्र आले की पारडे झुकते. २०११ साली चिनी संशोधकांनी हजारो स्त्रियांची गुणसूत्रे चाळून पीसीओएसशी जोडलेल्या तीन जागा दाखवल्या. त्यातल्या एका जागी एलएच या संप्रेरकाचा ग्राही (त्याचा हुकूम ऐकणारे पेशीवरचे प्रथिन) बनवणारे जनुक आहे, दुसऱ्या जागी मधुमेहाच्या अभ्यासात आधीच भेटलेले थाडा हे जनुक, आणि तिसऱ्या जागी डीईएनएनडी१ए, ज्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे. पुढच्याच वर्षी त्यांनी आणखी आठ जागा जोडल्या. एफएसएच या दुसऱ्या संप्रेरकाचा ग्राही आणि इन्सुलिनचा ग्राही बनवणारी जनुके त्यात आली. २०१८ साली युरोपीय वंशाच्या दहा हजारांहून अधिक रुग्ण आणि एक लाखाहून अधिक निरोगी स्त्रिया यांची तुलना झाली, तेव्हा १४ जागा ठरल्या. चिनी स्त्रियांत सापडलेल्या जागांपैकी काही युरोपीय स्त्रियांतही सापडल्या. त्यावरून हे फेरफार फार प्राचीन असावेत, माणसांचे हे समूह वेगळे होण्याच्या आधीचे असावेत, असा संशोधकांचा कयास आहे. लेखात पीसीओएसला ‘आधुनिक जीवनशैलीची देणगी’ म्हटले आहे. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथाल या डॉक्टरांनी सात स्त्रियांमध्ये हा आजार नोंदवला ते साल होते १९३५. चकचकीत, वाढलेल्या अंडाशयांच्या एका विवाहित शेतकरी स्त्रीचे वर्णन इटलीच्या वालिस्नेरींनी केले ते तर १७२१ साली. तिची जागरणे मोबाइलमुळे नसावीत.

याच २०१८ च्या अभ्यासात माझ्या कामाची एक ओळ आहे. वजन, उपाशीपोटीचे इन्सुलिन, रजोनिवृत्तीचे वय, नैराश्य आणि पुरुषांचे टक्कल, यांच्याशी संबंधित जनुकीय फेरफारांचा पीसीओएस घडवण्यातही हात असावा, असे त्यात दिसले. होय, पुरुषांचे टक्कल. त्यानंतर ब्रिटनच्या यूके बायोबँक या आरोग्यविषयक माहितीच्या मोठ्या साठ्यातल्या लाखाहून अधिक पुरुषांची माहिती याच दृष्टीने पाहिली गेली. स्त्रियांत पीसीओएसचा धोका वाढवणारे फेरफार ज्या पुरुषांत जास्त, त्यांच्यात लठ्ठपणा, मधुमेह, हृदयविकार आणि टक्कल हेही जास्त आढळले. अंडाशय नसल्यामुळे पुरुषात हा वारसा पाळीच्या रूपाने दिसणार नाही. तो कपाळावर दिसेल, रक्तातल्या साखरेत दिसेल. वाचकांपैकी टक्कल असलेल्यांनी लगेच घाबरू नये. टक्कल फार पुरुषांना पडते आणि त्यातल्या बहुतेकांच्या मुलींना पीसीओएस नसतो. पण लवकरचे टक्कल, लवकरचा मधुमेह आणि बहिणीची अनियमित पाळी हे एकाच घरात जमले असेल, तर त्या केसपेपरवर ‘विशेष नाही’ लिहिणे बरोबर नाही.

आता ही जनुके करतात काय, याकडे येतो. हा भाग वर्तमानपत्रे ‘हार्मोन्सचे असंतुलन’ या दोन शब्दांत उरकतात. वाचणाऱ्या मुलीच्या हाती त्यातून काही लागत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जागेअभावी कात्री चालवायचीच झाली, तर माझ्या घरच्या हकिकतीवर चालवा, पुढचे तीन-चार परिच्छेद तेवढे ठेवा.

मेंदूतला अधश्चेतक (हायपोथॅलॅमस) एक संप्रेरक थेंबाथेंबाने, ठरावीक अंतराने सोडतो. त्याच्या ठोक्यावर पीयूषिका (पिट्यूटरी) ग्रंथी दोन संप्रेरके रक्तात पाठवते, एलएच आणि एफएसएच. ठोके जलद पडले की एलएच जास्त, संथ पडले की एफएसएच जास्त, अशी ही व्यवस्था आहे. पीसीओएस असलेल्या अनेक जणींमध्ये ठोके जलदच राहतात. एलएच चढते, एफएसएच त्या मानाने कमी पडते.

अंडाशयात या दोघांची कामे वाटलेली आहेत. बीज ज्या इवल्या पिशवीत वाढते तिला पुटिका म्हणतात. पुटिकेच्या बाहेरच्या थरात थीका पेशी असतात. त्या एलएचच्या हुकमाने अँड्रोजेन, म्हणजे ज्यांना आपण पुरुषी संप्रेरके म्हणतो ती, बनवतात. प्रत्येक निरोगी स्त्रीच्या अंडाशयात ती बनतात, त्यात विपरीत काही नाही. आतल्या थरातल्या पेशी एफएसएचच्या हुकमाने त्याच अँड्रोजेनचे इस्ट्रोजेन करतात. एलएच जास्त आणि एफएसएच कमी झाले की माल तयार होतो भरपूर आणि त्याचे रूपांतर मात्र अपुरे. अंडाशयात अँड्रोजेन साठते, त्यातले रक्तात उतरते. काही जणींमध्ये मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीही यात भर घालतात.

इथे ते डीईएनएनडी१ए. पीसीओएस असलेल्या स्त्रियांच्या थीका पेशी काढून प्रयोगशाळेत वाढवल्या गेल्या. शरीरापासून तुटलेल्या, काचपात्रात कित्येक वेळा विभाजन झालेल्या या पेशीही निरोगी स्त्रियांच्या पेशींपेक्षा जास्त अँड्रोजेन बनवत राहिल्या. म्हणजे ही खोड पेशीच्या आतच आहे. त्या काचपात्रात ना ताण होता, ना बाहेरचे खाणे. २०१४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले की या पेशींमध्ये डीईएनएनडी१ए जनुकाचे एक विशिष्ट प्रथिन जास्त प्रमाणात असते. ते निरोगी पेशींत वाढवले तर त्या पीसीओएसच्या पेशींसारख्या वागू लागतात, आणि पीसीओएसच्या पेशींत दाबले तर त्यांचे अँड्रोजेन उतरते. जनुकापासून संप्रेरकापर्यंतचा रस्ता इतका स्पष्ट दिसणे या विषयात विरळाच. आपल्या पुरवणीत यावर चौकट आली असती तर मी ती कापून ठेवली असती.

मग येते इन्सुलिन. माझ्या मते सगळ्या प्रकरणात हे सर्वांत चमत्कारिक आहे. पीसीओएस असलेल्या बऱ्याच जणींच्या स्नायूंना इन्सुलिनचा हुकूम नीट ऐकू येत नाही. साखर पेशीत जावी म्हणून स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडावे लागते. पण अंडाशय काही बहिरे झालेले नसते. त्याला हे वाढलेले इन्सुलिन पूर्णच्या पूर्ण ऐकू येते. थीका पेशींवर ते एलएचच्या जोडीने काम करते आणि अँड्रोजेन आणखी वाढवते. शिवाय यकृतात एसएचबीजी नावाचे प्रथिन तयार होते, ते टेस्टोस्टेरॉनला रक्तात धरून ठेवते. इन्सुलिन या प्रथिनाचे उत्पादन घटवते. परिणामी मोकळे फिरणारे टेस्टोस्टेरॉन वाढते, आणि काम करते ते हे मोकळेच. तेच त्वचेत पोचले की हनुवटीवर राठ केस, मुरुमे, डोक्यावरचे केस विरळ. काही मुलींच्या मानेवर, काखेत त्वचा काळसर, मखमली होते, ती या वाढलेल्या इन्सुलिनची खूण आहे. आई ‘मान नीट घास’ म्हणून रागावते. घासून ती जात नाही.

इन्सुलिनला शरीराचा हा विरोध लठ्ठपणामुळेच येतो, अशी समजूत पूर्वी होती. १९८९ साली अमेरिकेतल्या संशोधक अँड्रिया डुनाइफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वजनाची बरोबरी साधून तुलना केली आणि पीसीओएस असलेल्या बारीक स्त्रियांमध्येही हा विरोध असतो हे दाखवले. वजन वाढले की तो आणखी वाढतो, हेही खरे. पण ‘आता कुठून कमी करू’ असे विचारणाऱ्या मुलीला देण्याजोगे उत्तर तेव्हापासून उपलब्ध आहे.

अशा परिस्थितीत पुटिकांचे काय होते? दर महिन्याला बऱ्याच पुटिका वाढीला लागतात, त्यातली एक पुढे जाते आणि तिच्यातून बीज सुटते. पीसीओएसमध्ये पुटिकांचा वर्गच्या वर्ग एकाच इयत्तेत अडकून पडतो. काही मिलिमीटर वाढून सगळ्या थांबतात, परीक्षेला कुणीच बसत नाही. सोनोग्राफीत दिसतात त्या याच थांबलेल्या पुटिका, कापून काढायच्या गाठी नव्हेत. या लहान पुटिका एएमएच नावाचे संप्रेरक सोडतात. पुटिकांची गर्दी जास्त, म्हणून एएमएच जास्त, आणि ते एफएसएचला आणखी निष्प्रभ करते. बीज सुटले नाही की रिकाम्या पुटिकेचे पीतपिंड तयार होत नाही, पीतपिंड नाही म्हणून प्रोजेस्टेरॉन नाही. आणि अधश्चेतकाचे जलद ठोके संथ करणारे संप्रेरक नेमके प्रोजेस्टेरॉन हेच. ते आले तरी वाढलेल्या अँड्रोजेनमुळे अधश्चेतक त्याला पुरेशी दाद देत नाही. ठोके जलदच राहतात, आणि आपण फिरून पहिल्या पायरीवर येतो. हे चक्र कुठून सुरू होते यावर तज्ज्ञांत वाद आहे. मेंदूपासून म्हणणारे आहेत, अंडाशयापासून म्हणणारे आहेत, इन्सुलिनपासून म्हणणारेही आहेत. वेगवेगळ्या स्त्रियांत ते वेगवेगळ्या ठिकाणी सुरू होत असावे, हे मला जास्त पटते, कारण सापडलेली जनुकेही या तिन्ही ठिकाणांशी संबंधित आहेत.

पाळी न येण्याची लोकांना काळजी वाटते ती मूल होण्याच्या संदर्भात. पण प्रोजेस्टेरॉनविना नुसत्या इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली गर्भाशयाचे अंतःस्तर वाढत राहते. वर्षानुवर्षे तसे चालले तर तिथे कर्करोगाचा धोका वाढतो. तरुण वयात तो मुळात कमी असतो, तरी इतरांपेक्षा जास्त. म्हणून ९० दिवसांहून अधिक काळ पाळी नसेल तर डॉक्टरांकडे जाऊन तिच्यावर उपाय करून घ्यायचा असतो. लग्न, मूल वगैरे गोष्टींशी त्याचा संबंध नाही. माझ्या बहिणीला हे कुणी सांगितले नाही. तिला एवढेच सांगितले गेले की मूल होणार नसेल तर पाळीची काळजी कशाला. पीसीओएसमध्ये मूल होतच नाही, हेही तसे खोटेच. बीज सुटायला मदत करणारी लेट्रोझोलसारखी औषधे आहेत आणि अनेक जणींना दिवस राहतात, कित्येकींना औषधाशिवायही.

एका गोष्टीची मला धास्ती आहे, म्हणून आधीच लिहून ठेवतो. आनुवंशिकतेचा मुद्दा निघाला की दोष मुलीवरून उचलून आईच्या माथी मारायला लोक टपलेले असतात. त्यांना शास्त्राचा आधारही मिळेल. स्वीडनमधल्या नोंदींवरून असे दिसले की पीसीओएस असलेल्या आईच्या मुलींना पीसीओएसचे निदान होण्याची शक्यता इतर मुलींच्या सुमारे पाचपट असते. गर्भात असताना टेस्टोस्टेरॉन दिलेल्या माकडिणींमध्ये मोठेपणी पीसीओएससारखी लक्षणे दिसली आहेत. २०१८ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी गाभण उंदरांना एएमएच टोचून त्यांच्या माद्या पिलांत तशीच लक्षणे दाखवली. गर्भाशयातले संप्रेरकांचे वातावरण हा वारशाचा दुसरा रस्ता असू शकतो. पण रस्ता आणि दोष या वेगळ्या गोष्टी आहेत. स्वतःची जनुके आणि गरोदरपणातली स्वतःची संप्रेरके कुणी निवडून घेत नाही. आमच्या घरात तर माझ्या पत्नीकडे बोट दाखवण्याची सोयच नाही, पुरावा सगळा माझ्या बाजूचा आहे. तो मी उघडपणे सांगतो, त्याची मला लाज वाटत नाही, आणि सांगितल्यापासून घरात मुलीला ‘तू असे केलेस म्हणून’ हे वाक्य ऐकावे लागलेले नाही.

व्यायामाला माझा विरोध आहे असे कृपया समजू नये. वजन जास्त असेल तर त्यातले पाच ते दहा टक्के कमी झाल्यावरही अनेकींची पाळी सुधारते. व्यायामाने स्नायू इन्सुलिनचे ऐकू लागतात, हे वजन कमी न होताही घडते. वरचे चक्र वाचले की त्याचे कारण लक्षात येईल : इन्सुलिन उतरले की अंडाशयावरचा दाब उतरतो. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध देतात तेही याच हिशेबाने. आपल्या लेखातला व्यायामाचा सल्ला योग्यच आहे. माझी हरकत आहे ती सल्ल्याचा आरोप झाला त्याला. चष्मा लागलेल्या मुलाला आपण चष्मा देतो, त्याने डोळे का बिघडवले हे विचारत बसत नाही.

निदानाबद्दल थोडेसे. प्रौढ स्त्रीच्या बाबतीत २००३ साली रॉटरडॅमला ठरलेले निकष आजही पाया मानले जातात. बीज न सुटणे किंवा क्वचित सुटणे, अँड्रोजेन वाढल्याची लक्षणे किंवा तसा रक्ताचा अहवाल, आणि सोनोग्राफीत भरपूर पुटिकांनी भरलेले दिसणारे अंडाशय, या तिन्हींपैकी दोन असावीत, आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिन, अधिवृक्क ग्रंथीचे विकार यांतले काही नाही याची आधी खात्री केलेली असावी. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्रौढांसाठी सोनोग्राफीऐवजी एएमएचची तपासणीही मान्य केली. किशोरवयीन मुलींसाठी मात्र त्याच सूचना सोनोग्राफी आणि एएमएच दोन्ही वापरू नका म्हणतात, कारण त्या वयात निरोगी अंडाशयातही भरपूर पुटिका दिसतात. त्यांच्यात अनियमित पाळी आणि वाढलेले अँड्रोजेन ही दोन्ही हवीत. पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षातली अनियमितता तर नैसर्गिकच. माझ्या मुलीची सोनोग्राफी ती शाळेत असताना केली आणि तेवढ्यावरून आजाराचे नाव सांगून टाकले. निदान पुढे खरे निघाले, तरी पद्धत चुकीचीच होती. तिच्याच वर्गातल्या आणखी एका मुलीला तसेच नाव मिळाले होते. तिची पाळी पुढे आपोआप मार्गी लागली, पण मधली वर्षे ती स्वतःला आजारी समजून जगली.

जनुकांची तपासणी करून पीसीओएस ओळखता येईल का, असे मला दोघा-तिघा पालकांनी विचारले. आज तशी तपासणी निदानासाठी वापरत नाहीत. सापडलेल्या सगळ्या जागा मिळून वारशाचा लहानसा भागच उलगडतो, एका मुलीबद्दल त्यावरून खात्रीने काही सांगता येत नाही. कुणी तशी तपासणी विकत असेल तर घेऊ नये. घरातल्या दोन्ही बाजूंच्या माणसांची नीट चौकशी तिच्यापेक्षा जास्त सांगून जाते.

माझी मागणी तीन ठिकाणी आहे.

आपल्याकडे : पुरवणीत या विषयावर पुन्हा लेख घ्यावा, तो अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञाकडून घ्यावा, आणि त्याच्या शेजारी चित्र छापायचे तर वजनकाट्यावर उभी राहिलेली खिन्न मुलगी छापू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयातल्या १० ते १३ टक्के स्त्रियांना हा आजार आहे आणि त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना तो असल्याचे माहीतही नाही. दहा वाचक मुलींमागे एक, असे धरून चाललात तरी चालेल. त्यातल्या अनेकींना नैराश्य आणि चिंता यांचा त्रास इतरांपेक्षा जास्त असतो. निदान झाल्यावर त्याचीही चौकशी करावी, असे २०२३ च्या सूचना सांगतात. तिला आरोपपत्र वाचायला देणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

डॉक्टरांकडे : कौटुंबिक इतिहासाच्या रकान्यात बापाची बाजू लिहावी. मधुमेह कुणाला, कोणत्या वयात. टक्कल कोणत्या वयात. आत्याची पाळी, आजीची साखर. बाप शेजारी बसलेला असेल तर त्यालाच विचारावे, नसेल तर पुढच्या वेळी बोलावून घ्यावे.

आणि माझ्यासारख्या बापांकडे : मुलीला पीसीओएस निघाला तर स्वतःची साखर तपासून घ्या, रक्तदाब बघा, मुलाचीही साखर बघा. पीसीओएस असलेल्या स्त्रियांच्या भावांमध्येही संप्रेरकांचे फरक आढळले आहेत. माझ्या मुलाने सुरुवातीला ‘हा बायकांचा आजार, माझा काय संबंध’ म्हणून टाळले. बहिणीनेच त्याला धरून नेले. ग्लुकोज पाजून, दोन तासांनी रक्त घेऊन साखर पाहतात, ती तपासणी तिलाही करायची होती. निदानाच्या वेळी आणि नंतर दर एक ते तीन वर्षांनी ती करायची असते, साखर आत्ता ठीक असली तरी. दोघे भावंडे एकाच दिवशी जाऊन आली. तिची साखर व्यवस्थित निघाली. त्याची सीमारेषेवर आहे, आणि तो आता रोज पहाटे धावायला जातो.

कळावे,
आपला एक जुना वाचक
(नाव व गाव छापू नये, ही विनंती)